एका गोधडीला एक पुस्तक : नव्या जोडप्यांसाठी

लग्नानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत घरात दोन गोष्टी न सांगता साठत जातात. कपाटाच्या खालच्या कप्प्यात दोन्हीकडच्या आयांनी दिलेल्या, नेसून नेसून मऊ झालेल्या सुती साड्या साठतात आणि फळीवर दोघांनी आपापल्या घरून आणलेली, पण एकमेकांची अजून न वाचलेली पुस्तके साठतात. या दोन्हींचा एकाच वेळी उपयोग करण्याची एक सोपी पद्धत आहे. एकाने गोधडी शिवायची, दुसऱ्याने शेजारी बसून पुस्तक वाचून दाखवायचे आणि सुईतला दोरा संपला की अदलाबदल करायची. आमच्या घरी हा क्रम तेवीस वर्षे चालू आहे. या काळात नऊ गोधड्या झाल्या आणि प्रत्येक गोधडीला एक याप्रमाणे नऊ पुस्तके सबंध वाचून झाली. सुरुवात केली तेव्हा मला साधी तुरपाई येत होती आणि यजमानांना शर्टाचे बटणही लावता येत नव्हते, म्हणून हे सारे अगदी नवख्यांना समजेल अशा बेताने लिहीत आहे.

पहिली गोधडी लहान असावी. दुहेरी पलंगावर पसरेल एवढ्या गोधडीच्या मोहात पहिल्याच वेळी पडू नये, कारण अर्धवट राहिलेली मोठी गोधडी माळ्यावर जाते आणि मग ती तिथून खाली येत नाही. सहावारी सुती साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरपेक्षा थोडी कमी रुंद असते. तिचे तीन सारखे तुकडे केले तर प्रत्येक तुकडा सुमारे १ मीटर ८३ सेंटीमीटर लांबीचा होतो, म्हणजे एका माणसाच्या पांघरुणाला पुरेसा. दोन साड्यांचे सहा तुकडे होतात. त्यांतले दोन चांगले तुकडे वरच्या आणि खालच्या बाजूला, तीन आत, असे पाच थर पुरेसे आहेत. सहावा तुकडा बाजूला जपून ठेवावा. त्याचे काम शेवटी आहे. पाचाच्या वर थर घातले तर ऊब वाढते हे खरे, पण नवख्या हाताला सुई आरपार काढता येत नाही आणि तिसऱ्याच दिवशी बोटे दुखू लागतात.

साड्या कशा निवडाव्यात

साडी निखळ सुती हवी. सिंथेटिक साडी घसरते, अंगाला गरम होते आणि सुती कापडाबरोबर शिवली की धुतल्यावर दोन्ही वेगवेगळ्या वागतात, त्यामुळे गोधडीला फुगवटे येतात. शंका असेल तर पदराच्या टोकाचे दोन-चार धागे ओढून काढावेत, चिमट्यात धरून पेटवावेत. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख बोटाने चुरडली जाते, तर सिंथेटिक धागा वितळून त्याची टणक गुंडी होते. हा प्रयोग स्वयंपाकघराच्या ओट्यावर, खाली स्टीलची ताटली ठेवून करावा.

त्यानंतर साडी खिडकीत उजेडासमोर धरावी. जिथे कापड विरलेले असेल तिथून उजेड जास्त येतो. बहुतेक साड्या निऱ्यांच्या खालच्या कडेला आणि मागे बसण्याच्या भागात विरतात, पण पदर आणि आतल्या खोचणीचा भाग मात्र वर्षानुवर्षे ठणठणीत राहतो. विरलेला भाग टाकून द्यायचा नाही, तो आतल्या थरात घालायचा. दोन्ही अंगठे एकमेकांजवळ ठेवून कापड जरा ताणल्यावर ते आवाज करून फाटले, तर मात्र तो तुकडा बाहेरच्या बाजूला कधीही घेऊ नये.

रंग जातो का हे पाहण्यासाठी ओला पांढरा रुमाल साडीच्या गडद भागावर घासावा. रुमालाला रंग लागला तर ती साडी या गोधडीसाठी नाही. आमच्या दुसऱ्या गोधडीत मी एक सुंदर मरून साडी या परीक्षेशिवाय घातली आणि पहिल्या धुण्यात खालची पिवळट पांढरी बाजू बीटरूटच्या कोशिंबिरीसारखी झाली. ती गोधडी आजही वापरात आहे, पण पाहुण्यांना आम्ही ती वरचीच बाजू वर करून देतो.

साड्या निवडून झाल्या की त्या स्वच्छ धुवाव्यात, खळ असेल तर ती पूर्ण निघून जाऊ द्यावी आणि उन्हात कडकडीत वाळवाव्यात. म्हणूनच हे काम पावसाळ्यात काढू नये. गावाकडे गोधड्या, किंवा सातारा-कोल्हापूरकडे ज्यांना वाकळ म्हणतात त्या, शेतीची कामे उरकल्यावर उन्हाळ्यात शिवल्या जात, कारण कापडही वाळते आणि हातही मोकळे असतात. शहरातल्या नोकरदारांना दिवाळीनंतरचे दोन महिने अधिक सोयीचे पडतात. शिवायला घेतलेली गोधडी मांडीवर असते आणि थंडीत तिचा तेवढ्यापुरता उपयोगही होतो.

साडी कापण्यापूर्वी एक काम हमखास विसरले जाते, ते म्हणजे फॉल उसवणे. फॉल बहुधा साडीपेक्षा वेगळ्या कापडाचा असतो आणि तसाच राहिला तर गोधडीच्या एका कडेला उगीचच जाड पट्टी येते. तो उसवून, धुऊन ठेवावा. त्याच्या अरुंद पट्ट्या पुस्तकातल्या खुणेसाठी उत्तम होतात.

कापणे आणि अंथरणे

सुती साडी कात्रीने कापण्यापेक्षा फाडावी, म्हणजे रेघ आपोआप धाग्याच्या सरळ येते. फक्त काठ घट्ट विणीचा असतो, त्यामुळे तो दोन्ही बाजूंना आधी कात्रीने कापून घ्यावा आणि मगच मधले कापड फाडावे. हे काम दोघांनी मिळून करावे. एकाने एक बाजू धरायची, दुसऱ्याने दुसरी, आणि एकाच वेळी ओढायचे. टर्रकन येणारा तो आवाज ऐकून शेजारच्या काकू एकदा दारात येऊन विचारून गेल्या होत्या, की घरात सगळे ठीक आहे ना.

आत जाणाऱ्या तीन तुकड्यांचे काठ कापून टाकावेत, कारण पाच थरांचे काठ एकावर एक आले तर सुई तिथे मोडते. या आतल्या तुकड्यांची लांबीही सहा-सात सेंटीमीटरने कमी करावी. असे केल्याने बाहेरचे दोन तुकडे आतल्या थरांपेक्षा चारी बाजूंनी साधारण तीन सेंटीमीटर मोठे राहतात. पुढे हीच जादा कड आत दुमडली की काठ बरोबर गोधडीच्या किनारीवर येतो आणि वेगळी पट्टी लावण्याचे काम वाचते. तयार गोधडी सुमारे साडेतीन फूट रुंद आणि पावणेसहा फूट लांब होते.

अंथरण्यासाठी फरशी झाडून, पुसून, पूर्ण कोरडी करून घ्यावी. खालचा तुकडा उलटी बाजू वर करून पसरावा, हाताने सगळीकडून सुरकुत्या काढाव्यात आणि चार कोपऱ्यांवर जाड पुस्तके ठेवावीत. त्यावर आतले तीन थर एकेक करून पसरावेत. विरलेले भाग एकावर एक येणार नाहीत असे ते फिरवून घ्यावेत. सर्वांत वर शेवटचा तुकडा सुलट पसरावा. प्रत्येक थरानंतर तळहात मधून कडेकडे फिरवावा. या टप्प्यावर कंटाळा केला तर त्याचा हिशोब पुढचे तीन आठवडे चुकवावा लागतो.

मग कच्चे टाके घालावेत. पक्क्या शिवणीच्या दोऱ्यापेक्षा वेगळ्या रंगाचा, साधा दोरा घ्यावा आणि चार बोटे लांबीचे टाके मध्यापासून सुरू करून आधी उभे, मग आडवे, मग दोन्ही तिरक्या दिशांना कोपऱ्यांपर्यंत न्यावेत. मध्यापासून सुरुवात का, तर सुरकुती नेहमी पुढे सरकते. मध्यापासून निघालो तर ती कडेला जाऊन संपते, आणि कडेपासून निघालो तर ती मधोमध अडकते आणि तिथेच राहते.

या कच्च्या टाक्यांच्या दिवशीची आमची फजिती सांगण्यासारखी आहे. पहिल्या गोधडीच्या वेळी फरशी गार लागते म्हणून मी खाली शतरंजी घातली होती. दोन तास खपून चारी दिशांनी टाके घातले, कौतुकाने गोधडी उचलली आणि शतरंजी तिच्याबरोबर वर आली. यजमान शांतपणे म्हणाले, "सहा थरांची करणार होतीस, ते आधी सांगायचंस तरी." तेव्हापासून आम्ही नुसत्या फरशीवरच अंथरतो, आणि जिथे सुई चालू असते तिथे खाली जुन्या कॅलेंडरचा जाड पुठ्ठा सरकवत नेतो.

कच्चे टाके झाले की वरच्या आणि खालच्या तुकड्याच्या जादा कडा आतल्या बाजूला दुमडून समोरासमोर आणाव्यात, आतले थर त्यांच्या पोटात बंद करावेत आणि जागोजाग टाचण्या लावाव्यात. कोपऱ्यात कापडाचा बोंगा होतो, म्हणून दुमडण्यापूर्वी तिथला लहानसा त्रिकोण कापून टाकावा. आता ही गोधडी घडी घालून टोपलीत ठेवता येते आणि रोज संध्याकाळी तासभर काढून बसता येते.

पुस्तक कोणते घ्यावे

इथे मी जरा थांबणार आहे, कारण शिवणकामाबद्दल सल्ला देणारे पुष्कळ भेटतात आणि वाचून दाखवण्याच्या पुस्तकाबद्दल कोणी बोलत नाही. स्वतःशी वाचताना आवडलेले प्रत्येक पुस्तक कानाला चांगले लागतेच असे नाही. लांबलचक वर्णनांची कादंबरी ऐकणाऱ्याला गुंगी आणते. कविता ऐकताना मन पुन्हा मागच्या ओळीकडे जाते, आणि हात मात्र पुढे गेलेला असतो. रहस्यकथेचा प्रयोग आम्ही एकदा केला आणि त्याचा पुरावा गोधडीवर कायमचा राहिला. खून कोणी केला हे कळायच्या वेळी माझी एक ओळ इतकी आवळली गेली, की तिथे कापड गोळा होऊन चुणी पडली. पाककृतींचे पुस्तक मोठ्याने वाचून पाहिले, तर रात्री साडेनऊला भजी तळायला उठावे लागले.

सर्वांत चांगली बसतात ती आत्मचरित्रे, आठवणी आणि पत्रे. त्यांत बोलण्याची लय असते, प्रसंग लहान असतात आणि मध्येच कुकरची शिट्टी झाली तरी धागा तुटत नाही. नव्या जोडप्यांना मी दोन पुस्तके हमखास सुचवते, आणि तीही दोन्ही संसाराचीच आहेत. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. कवी नारायण वामन टिळकांसारख्या लहरी आणि मोठ्या मनाच्या माणसाबरोबरचा संसार त्यांनी इतक्या बोलक्या मराठीत मांडला आहे, की मोठ्याने वाचताना वाचणाऱ्याला वेगळा अभिनय करावा लागत नाही. दुसरे पुस्तक म्हणजे रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी', जे १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी लग्नानंतर आपल्या पत्नीला लिहायला-वाचायला शिकवले आणि त्यासाठी घरातल्या बायकांचा रोष रमाबाईंना सोसावा लागला, ही हकिकत त्यांत आहे. नवराबायकोने एकमेकांना वाचून दाखवण्यासाठी याहून समर्पक पुस्तक मला तरी माहीत नाही. भाषा जुनी आहे, वाक्ये लांब आहेत, तेव्हा हे दुसऱ्या किंवा तिसऱ्या गोधडीसाठी राखून ठेवावे.

पृष्ठसंख्येचा हिशोबही आधी मांडून ठेवावा. एवढ्या गोधडीवर दोन ओळींत दोन बोटांचे, म्हणजे तीन सेंटीमीटरचे अंतर ठेवले तर साधारण ६३ मीटर लांबीची शिवण होते. नवखा हात तासाला चार मीटर शिवतो. म्हणजे सुमारे सोळा तास, आणि रोज पाऊण तास धरला तर तीन आठवडे. सावकाश, समजेल असे वाचले तर तासाला पंचवीस पाने होतात. त्या हिशोबाने चारशे पानांच्या आसपासचे पुस्तक एका गोधडीला पुरते. पुस्तक वाचनालयाचे असेल तर मुदत वाढवून घेण्याची तारीख आधीच लिहून ठेवावी. चारशे पानांचे पुस्तक मिळाले नाही तर दोनशेची दोन चालतात, पण मध्ये पुस्तक बदलले की पुन्हा बसायला दोन-चार दिवस लागतात, असा माझा अनुभव आहे.

शिवणे आणि वाचणे

साहित्य फारसे नाही. गोधडीची सुई नेहमीच्या सुईपेक्षा जाड, साधारण दोन इंच लांब आणि मोठ्या नाकाची घ्यावी. दोरा जाड सुती हवा आणि एकदमच शंभर ते सव्वाशे मीटर घेऊन ठेवावा, कारण मध्येच संपला आणि नवा आणला तर पांढऱ्यातलाही पांढरा जुळत नाही. मधल्या बोटासाठी अंगुस्ताण, म्हणजे सुई ढकलताना बोटावर चढवायची टोपी, घ्यावे. ते पहिल्या दिवशी अवघडल्यासारखे वाटते आणि चौथ्या दिवशी त्याच्याशिवाय शिवता येत नाही. दोरा मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला तर गुंता कमी होतो.

सुईत दोन हातांपेक्षा, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या लांबीच्या दुपटीपेक्षा, जास्त दोरा घेऊ नये. लांब दोरा घेतला तर वेळ वाचेल असे वाटते, पण तो स्वतःभोवती पीळ घेतो आणि सोडवण्यात दुप्पट वेळ जातो. या मापाचे आणखी एक सुख आहे. एवढा दोरा संपेपर्यंत पुस्तकाची चार-पाच पाने होतात, त्यामुळे वाचणाऱ्याचा घसा बसण्यापूर्वी आणि शिवणाऱ्याची मान अवघडण्यापूर्वी अदलाबदलीची वेळ येते. घड्याळ पाहावे लागत नाही.

सुरुवातीची गाठ दिसू द्यायची नाही. जिथून टाका सुरू करायचा, तिथून दोन बोटे अलीकडे सुई फक्त वरच्या थरातून आत घालावी, थरांमधून सरकवत हव्या त्या जागी बाहेर काढावी आणि दोरा हलका झटका देऊन ओढावा. 'टप्' असा बारीक आवाज होतो आणि गाठ कापडाच्या आत जाऊन बसते. हा आवाज ऐकला की वाचणारा थांबलेला असेल तर पुन्हा सुरू करतो, अशी आमच्याकडे न ठरवता पडलेली रीत आहे.

पहिली ओळ कडेपासून एक बोट आत, चारी बाजूंनी फिरवून घ्यावी, म्हणजे दुमडलेल्या कडा बंद होतात आणि टाचण्या काढता येतात. पुढच्या प्रत्येक फेरीत दोन बोटे आत सरकत जावे, म्हणजे चौकटीत चौकट होत शेवटी मधोमध एक लहान पट्टी उरते. टाका धावदोऱ्याचाच, म्हणजे सुई खाली-वर करत सरळ पुढे जाणारा, तांदळाच्या दाण्याएवढा. उजवा हात वर सुई चालवतो आणि डावा हात खालून थर धरतो. सुईचे टोक डाव्या बोटाला नुसते जाणवले की ती पाचही थरांतून गेली असे समजावे आणि वर वळवावी. जाणवले नाही तर टाका खालच्या बाजूला उमटलेला नाही. तीन-चार टाके सुईवर भरून मग दोरा ओढावा आणि ओढल्यावर अंगठ्याने ती जागा सपाट करावी. कापड जरासे जरी गोळा झाले तरी दोरा तिथेच सैल करावा, कारण पुढे गेल्यावर तो सैल होत नाही.

बसण्याची जागा एकदा ठरवावी आणि बदलू नये. उजव्या हाताने शिवणाऱ्याला दिवा डावीकडून हवा, नाहीतर हाताची सावली टाक्यावर पडते. वाचणाऱ्याने त्याच दिव्याच्या पलीकडे बसावे, म्हणजे एकाच उजेडात दोघांचे काम होते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावेत. शिवणारा "अहो, थांबा जरा, दोरा अडकला" म्हणाला तर वाचणाऱ्याने वाक्य पूर्ण करून थांबावे, मध्येच नव्हे. अर्ध्या वाक्यावर थांबले की ऐकणाऱ्याचे लक्ष दोऱ्याकडे जातच नाही.

सर्वांत कडक नियम असा, की पुढचे पान एकट्याने वाचायचे नाही. यजमानांनी हा नियम एकदा मोडला होता, आणि तो त्यांनी कबूल करण्यापूर्वीच मला कळले. एका विनोदी प्रसंगात ते गमतीच्या वाक्याच्या एक ओळ आधीच हसले.

दोघांपैकी एकाला शिवण अजिबात येत नसेल तर त्याला आतल्या फेऱ्या द्याव्यात, कारण कडेची शिवण आधी डोळ्यांत भरते. पुरुषांना शिवण जमत नाही हे मी आता मानत नाही. आमच्याकडे सरळ रेघ यजमानांची आणि वळणे माझी, अशी वाटणी झाली आहे. पहिल्या गोधडीवर ते खडूने आणि फूटपट्टीने रेघा आखून शिवत होते, आणि त्यांची ती आखलेली बाजू माझ्या अंदाजाने शिवलेल्या बाजूपेक्षा आजही अधिक नीटस दिसते. टाका वाकडा गेला तर उसवू नये. जुने कापड उसवताना फाटते, आणि पाच-सात धुण्यांनंतर तो वाकडेपणा आपल्यालाही शोधावा लागतो.

काही संध्याकाळी वाचन होणार नाही हेही गृहीत धरावे. कोणी दमलेले असते, कोणाकडे पाहुणे येतात, आणि कधीकधी अबोलाही असतो. चौथ्या गोधडीच्या मधोमध एक हातभर लांबीची जागा आहे, जिथे टाके विलक्षण बारीक आणि दाट पडले आहेत. ते तीन दिवसांच्या अबोल्यातले आहेत. पुस्तक मिटलेले होते, त्यामुळे शिवण मात्र फार चांगली झाली.

रोज उठताना सुया मोजाव्यात. बाहेर काढलेल्या दोन सुया परत डबीत गेल्या, हे दोघांनी पाहिल्याशिवाय दिवा बंद करू नये. सुई गोधडीत खुपसून ठेवण्याची सवय वाईट आहे, कारण सकाळी घाईत कोणी ती गोधडी अंगावर ओढतो. कच्चे टाके मात्र सगळी शिवण पूर्ण झाल्यावरच काढावेत, आधी नाही.

पहिले धुणे

शिवून झालेली गोधडी जरा ताठ आणि सपाट असते. धुतल्यावर दोरा आणि कापड थोडे आवळतात, टाक्यांच्या मध्ये बारीक सुरकुत्या उठतात आणि तिला गोधडीचे रूप येते. गार पाण्यात, सौम्य साबणाने, मोठ्या टबात अर्धा तास भिजवून पायांनी तुडवावी. पिळू नये, दोघांनी दोन टोके धरून नुसती दाबून पाणी काढावे. ओली गोधडी चांगलीच जड होते, म्हणून ती एका दोरीवर न टाकता दोन दोऱ्यांवर आडवी पसरावी, नाहीतर मधल्या टाक्यांवर ताण येतो. पुढे वर्षातून तीन-चार वेळा ऊन दाखवले तरी पुरते.

सहावा तुकडा

बाजूला ठेवलेल्या सहाव्या तुकड्याचा आम्ही त्याच पुस्तकाला कापडी अभ्रा करतो. हे एका संध्याकाळचे काम आहे. समजा, पुस्तक साडेएकवीस सेंटीमीटर उंच, चौदा सेंटीमीटर रुंद आणि अडीच सेंटीमीटर जाड आहे, तर २५ सेंटीमीटर उंच आणि ४७ सेंटीमीटर लांब कापड घ्यावे. वरच्या-खालच्या कडा दीड-दीड सेंटीमीटर आणि बाजूच्या कडा एकेक सेंटीमीटर दुमडून तुरपाई करावी. मग दोन्ही टोके सात-सात सेंटीमीटर आत वळवावीत, म्हणजे मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ ज्यात सरकवायचे ते खिसे तयार होतात, आणि त्या खिशांच्या फक्त वरच्या आणि खालच्या कडा शिवाव्यात. काठाचा भाग कण्यावर येईल असे कापड निवडले तर फळीवर पुस्तक लगेच ओळखू येते. फॉलची अरुंद पट्टी वरच्या कडेला, कण्याच्या मधोमध, टाचून दिली की खुणेची फीतही होते.

पुस्तक वाचनालयाचे असेल तर ते परत जाईल आणि अभ्रा घरात उरेल. तो पुढच्या पुस्तकाला बसावा अशी इच्छा असेल, तर खिशांच्या कडा शिवण्याआधी पुढचे पुस्तक कोणते हे दोघांनी ठरवून टाकावे आणि त्याची जाडी मोजून घ्यावी. आमच्याकडे हे ठरवायला गोधडीपेक्षा जास्त दिवस लागतात.